अकरा नियम आणि एक मांडी

कावेरीला लंडनला पोचवण्याचं काम बोट कंपनीचं होतं. माझ्याकडे फक्त मालवण ते मुंबई, आणि त्यातही काळजीचा भाग म्हणजे मालवण ते कोल्हापूर. बोट कंपनीने आपलं काम चोख केलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे यापुढे जे काही घडलं त्याबद्दल वाचकांनी उगाच परक्यांना दोष देऊ नये.

कावेरी ही माझी पुतणी. तिचा नवरा दीड वर्षापूर्वी लंडनला नोकरीवर गेला, तेव्हा थोरली बाबली अडीच वर्षांची होती आणि धाकटा यायचा होता. तो आला, दहा महिन्यांचा झाला, आजोबांचं जयराम हे नाव त्याला मिळालं, आणि आजोबांचा स्वभावही. म्हणजे झोप लागली की कोणी हलवायचं नाही. हलवलं तर सगळ्या आळीला कळायचं. या जयरामाला त्याच्या बापाने अजून पाहिलं नव्हतं. बोट शनिवारी मुंबईहून सुटणार होती आणि पुढची सहा आठवड्यांनी. शनिवारची बोट गाठायची तर गुरुवारी कोल्हापूरहून दुपारची आगगाडी मिळालीच पाहिजे, आणि ती मिळायची तर गुरुवारी सकाळच्या मोटारीत कावेरीला पोरांसकट बसायला जागा मिळाली पाहिजे. एवढा सरळ हिशेब होता. तो माझ्या हाती आला, तिथे बिघडला.

मी कोर्टात हेडक्लार्क. बी. ए. झालेला. या दोन्ही गोष्टींचा एकत्र परिणाम असा होतो की माणसाला कोणतीही अडचण दिसली की तिच्यावर कलमं घालावीशी वाटतात.

त्यात आमचे शेजारी परशुरामपंत. यांनी आयुष्यात एकदाच परदेश पाहिला, तोही मुंबईच्या धक्क्यावर उभं राहून, बोटीवर चढणाऱ्या साहेबांच्या रूपाने. पण त्या अर्ध्या तासावर त्यांची पंचवीस वर्षं निभावली आहेत. संध्याकाळी पडवीत येऊन ते म्हणाले, "भाई, तिकडे बाई मोटारीत चढली की पुरुष ताडकन उभे राहतात. टोपी काढतात. आणि आपल्याकडे? आपल्याकडे बाई चढली की लोक डोळे मिटतात. कावेरी उद्या लंडनला जाऊन बसेल, आणि तिला मालवणची शेवटची आठवण काय राहील? कोपर!"

हे 'कोपर' मला लागलं. मी रात्रभर त्या कोपरावर विचार केला असं नाही, पण जेवणात लक्ष नव्हतं हे खरं. मालवणची अब्रू ही काही लहान गोष्ट नाही. आमच्या गावाने आरमारं पाहिली आहेत. त्या गावातून एक लेक दोन पोरं घेऊन साता समुद्रापलीकडे चालली, आणि तिला पहिल्याच मोटारीत कोणी जागा देऊ नये?

म्हणून मी नियम लिहिले. मथळा होता : 'परदेशगमन करणाऱ्या लेकुरवाळ्या कुटुंबांशी सहप्रवाशांनी ठेवावयाची वर्तणूक'. एकूण कलमं अकरा. पहिलं, अशी स्त्री गाडीत चढताच आसनस्थ पुरुषांनी उभे राहून तिला जागा द्यावी. दुसरं, पहिली चार बाकं अशा कुटुंबांसाठी मोकळी ठेवावी. चौथं, बालकाच्या रडण्याबद्दल सहप्रवाशांनी नापसंती दर्शवू नये, तसेच न विचारता औषध सुचवू नये. पाचवं, मासळीच्या पाट्या बालकांच्या जवळ न ठेवता गाडीच्या टपावर ठेवाव्यात. सातवं, परक्या इसमांनी बालकास हाताळू नये. हे सातवं कलम माझ्या विशेष अभिमानाचं होतं. त्यात आरोग्यशास्त्र होतं.

परशुरामपंतांनी विड्यांच्या धुराचं एक कलम घालायला लावलं आणि स्वतः विडी पेटवून ते दोनदा वाचलं. मी मसुदा माईला दाखवला. माई म्हणजे आमचं कुटुंब. ती तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः कधी मोटारीत उठून कुणाला जागा दिलीयत?"

मी म्हटलं, "प्रश्न माझा नाही, तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्वाला सांगा उठायला," ती म्हणाली, आणि एक खडा अंगणात टाकला.

मोटारस्टँडवरचे कंट्रोलर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि "उत्तम आहे" म्हणाले. सरकारी माणूस 'उत्तम आहे' म्हणाला की काम होणार नाही, हे मी स्वतः सरकारी असल्यामुळे ओळखून होतो. कागद वर गेला. वरून तो आणखी वर गेला. सतरा दिवसांनी तो एका शेऱ्यासह परत आला : 'मथळ्यातील परदेश या शब्दात गोवा येतो किंवा कसे, याचा अर्जदाराने खुलासा करावा.'

इथे माझी चूक झाली. ती मी कबूल करतो. वाचकांतले जे कोर्टकचेऱ्यांत नोकरीला असतील त्यांना माझं मन समजेल. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. आमच्या मालवणातल्या निम्म्या घरांच्या लेकी गोव्यात दिल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांच्या सुना तिकडून आणल्या होत्या. चतुर्थीला जावं तसं लोक गोव्याला जात. पण मला कायद्याचा प्रश्न विचारला होता, आणि गेल्या वीस वर्षांत मला घरात किंवा कचेरीत कोणीही कायद्याचा प्रश्न विचारला नव्हता. मी ताठ बसून उत्तर लिहिलं, 'गोवा हा परकीय सत्तेखालील मुलूख असल्याने तो नि:संशय परदेश होय.' 'नि:संशय' खाली रेघ ओढली.

मंजुरी आली. प्रायोगिक तत्त्वावर, एक दिवस, एक गाडी. गुरुवार, सकाळची कोल्हापूर. मी नियम सुवाच्य अक्षरांत लिहून पुठ्ठ्यावर डकवले. कंट्रोलरांनी आदल्या दिवशीच पुठ्ठा स्टँडवर टांगला, 'लोकांना सवय व्हावी म्हणून'. लोकांना फार लवकर सवय झाली.

गुरुवारी सकाळी आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा पुठ्ठा गाडीतल्या खिळ्यावर चढलेला होता. कावेरीच्या कडेवर जयराम, तिच्या बोटाला बाबली, माझ्या दोन्ही हातांत ट्रंका, आणि मागे हमालाच्या डोक्यावर आळीतल्या अकरा घरांनी लंडनला पाठवलेली कोकमं, फणसपोळ्या, पापड आणि मालवणी मसाला. आमच्याकडे एखादा माणूस लंडनला चालला म्हणजे तिथल्या सगळ्या ओळखीच्यांना तो घरोघरी जाऊन भेटणार, असंच धरून चालतात. ओळखीचं कोणी नसलं तरी मसाला पाठवतात, ओळख होईल.

गाडीचं दार उघडून पाहतो तो पहिली चार बाकं भरलेली. एकूण सात बायका, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक पोर, आणि उरल्या जागेत गाठोडी. पहिल्याच बाकावर खिडकीशी सुभद्राबाई. वय साठीच्या पुढे. त्यांच्या मांडीवर जे मूल होतं ते त्यांच्या शेजारच्या घरातलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या मुलाच्या जन्माची नोंद करायला त्याच्या बापाला मीच फॉर्म भरून दिला होता.

मी म्हटलं, "सुभद्राबाई, ही बाकं परदेशी जाणाऱ्यांची आहेत."

"मगे?" त्या म्हणाल्या. "मी गोंयाक चल्लंय."

"ही गाडी कोल्हापूरला जाते. गोवा दुसऱ्या बाजूला आहे."

"आज काय नाय जातंय. आज वाटेर कट्ट्याक उतरतलंय. गोंयाक दिवाळीक जातलंय. तुमच्या कायद्यात खंय लिवला हा, आजच जावक व्हया म्हणान?"

लिहिलं नव्हतं. मी पुठ्ठा पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातला. खरंच लिहिलं नव्हतं. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "गोवा परदेश, असा तुमीच लिवन् दिल्यात मां? कंट्रोलरांनी वाचून दाखयल्यानी. रेघ पण ओढलली आसा म्हणत होते."

त्या सातजणींपैकी दोघी खरोखरच कसालला उतरून सावंतवाडीमार्गे गोव्याला चालल्या होत्या, म्हणजे त्यांचा हक्क बिनतोड होता. बाकीच्या पाच जणींचा हक्क माझ्या रेघेवर उभा होता. उरलेल्या बाकांवर पुरुष, सामान आणि आणखी बायका. पहिल्या कलमानुसार कावेरी चढताच पुरुषांनी उभं राहायचं होतं. ते उभे राहिले. चौदाच्या चौदा एकदम उभे राहिले, कारण स्टँडवर पुठ्ठा सगळ्यांनी वाचला होता आणि नियम मोडल्याचा आळ कोणालाच नको होता. मधल्या वाटेत चौदा उभे पुरुष, मग कावेरीला आत शिरायला वाट कुठून मिळणार? रिकाम्या झालेल्या जागांवर तोपर्यंत मागच्या दाराने चढलेले लोक बसले. त्यांनी पुठ्ठा वाचला नव्हता.

कंडक्टर धोंडू हा मोठा शांत माणूस. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाईनू, रोज ह्या गाडयेत शेवटाक एक तरी जागा ऱ्हवता. आज कायदो आसा म्हणान नाय ऱ्हवली."

इतक्यात हौसाबाई चढली. हौसाबाई बाजारात मासे विकायला बसते. आमच्या घरी गेली कित्येक वर्षं तिचेच बांगडे. कणकवलीला आठवड्याचा बाजार असला म्हणजे ती पाटी घेऊन या गाडीने जाते. डोक्यावर भरलेली पाटी, आणि ती नेहमीप्रमाणे मागच्या बाकाखाली सारायला निघाली. आता सगळी गाडी माझ्याकडे पाहत होती. पहिली दोन कलमं डोळ्यांदेखत धुळीला मिळालेली, आणि अकरांतलं एखादं तरी अंमलात आणल्याशिवाय माझी प्रतिष्ठा सावरत नव्हती. मी घसा साफ करून म्हटलं, "हौसाबाई, कलम पाच. पाटी टपावर."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुठ्ठ्याकडे. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने पुठ्ठा वरपासून खालपर्यंत अशा नजरेने पाहिला की त्यात शुद्धलेखनाची चूक असती तर ती लाजून खाली पडली असती.

"माजे बांगडे काय कोणाक चावतत?" ती म्हणाली. "सकाळचे ताजे आसत. तुमच्या घराक ह्येच जातत, तेवा खंय जाता ह्यो कायदो? चुलीच्या मागे लपता?"

गाडी हसली. पण पाटी टपावर गेली, आणि हौसाबाई मागच्या बाकावरच्या दोघांना सरकवून मध्ये बसली. मला जिंकल्यासारखं वाटलं. आज त्या वाटण्याची आठवण झाली की मी विषय बदलतो.

गाडी सुटली. कावेरी मधल्या वाटेत दांडीला धरून उभी. चौके गावाच्या वळणावर गाडी वळली तशी ती कलली, आणि जयरामाने सूर लावला. दोन रात्री बांधाबांधीत गेलेल्या. लस टोचल्याचा दाखला हवा म्हणून त्याच्या दंडावर टोचलेलं, ते सुजलेलं. तो जो रडायला लागला तो चौथ्या कलमाचा सरळ कस पाहण्यासाठी. लोकांनी नापसंती दर्शवली नाही. औषधं मात्र चौदा सुचवली.

"काय गो बाये, उबी काय ऱ्हवलंस?" मागून आवाज आला. "दी तो झील हकडे."

हौसाबाईने पोराला घ्यायला दोन्ही हात पुढे केले होते. कावेरीने माझ्याकडे पाहिलं. कलम सात मी तिला पाठ म्हणून दाखवलं होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात जयराम एका माणसाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या हातात आणि तिथून हौसाबाईच्या मांडीवर पोचलासुद्धा. बाबलीलाही कोणी तरी उचलली. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मांडीवर गेली, तिथून पुढच्या बाईच्या, आणि कट्टा येईपर्यंत तिने सहा मांड्या पालथ्या घातल्या. शेवटी तिला ड्रायव्हर लवूच्या जवळच्या बाकावरची एक मांडी पसंत पडली, कारण तिथून भोंगा दिसत होता.

आता हे मला नवीन होतं का? मुळीच नाही. आमच्याकडच्या मोटारीत हे रोज होतं. जागा कोणी देत नाही, हे परशुरामपंतांचं म्हणणं अगदी खरं. पण उभ्या बाईच्या कडेवर मूल आहे आणि बसलेल्या माणसाची मांडी रिकामी आहे, असं दृश्य आमच्या भागात कोणाला सोसत नाही. मूल आधी घेतात, मग कोणाचं ते विचारतात. मी चाळीस वर्षं हे पाहत आलो होतो आणि अकरा कलमं लिहिताना मला ते एकदाही आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की परक्या इसमांनी बालकास हाताळू नये.

जयराम दोन मिनिटांत झोपला. हौसाबाईचं एक बोट त्याच्या मुठीत होतं. कट्ट्याला सुभद्राबाई आणि त्यांच्यासारख्या चौघी परदेश आटोपून उतरल्या, कसालला गोव्याची दोन खरी कुटुंबं उतरली, पुढची बाकं रिकामी झाली. कावेरी बसली, मीही बसलो. मग कणकवली आली.

बाजाराची सगळी गर्दी उतरली. टपावरून पाट्या, टोपल्या, कोंबड्या खाली येऊ लागल्या. हौसाबाई हलली नाही.

धोंडू म्हणाला, "हौसाबाय, कणकवली."

"माका दिसता," ती म्हणाली.

"मगे उतर."

"झील निजलो हा."

मी उठून मागे गेलो. म्हटलं, "अहो, द्या त्याला कावेरीकडे. तुमचा बाजार आहे. मासे आहेत."

"बांगडे काय रडनत नाय, भाईनू," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्यो रडात. दोन दिस निजूक नाय ता पोर. बापाशीकडे जावचा तेका. रडान रडान ताप इलो तर तेका बोटीर घेतीत काय?"

मी पुढे केलेले हात मागे घेतले. तापलेल्या मुलाला बोटीवरचा डॉक्टर चढू देत नाही, असं कंपनीच्या पत्रकात छापलं होतं. ते पत्रक मी तीनदा वाचलं होतं. हौसाबाईने एकदाही वाचलं नव्हतं.

"पण तुमचा माल?" मी म्हटलं. "तो इथेच विकला जाणार ना?"

"टपार आसा तो. तुमीच चडयलात." आणि मग, माझं तोंड पाहून तिला दया आली असावी, "फोंड्याक पण माणसाच ऱ्हवतत. तेंकाय बांगडे लागतत."

धोंडू क्षणभर उभा राहिला. तिचं तिकीट कणकवलीपर्यंतचं होतं. तो माझ्याकडे वळून अत्यंत अधिकृत मराठीत म्हणाला, "सामान टपावर अडकलं आहे. सामान जातं तिथपर्यंत मालकाला जावं लागतं." आणि त्याने घंटी वाजवली. असलं कलम माझ्या पुठ्ठ्यावर कुठे नव्हतं.

फोंड्याला, म्हणजे गोव्यातल्या नव्हे, आमच्या फोंड्याला, घाटाच्या पायथ्याशी गाडी तापली. यात कोणाचा दोष नाही. उन्हात मीही तापतो. झाकण काढलं, वाफ निघाली. लवू म्हणाला अर्धा तास, म्हणजे पाऊण. मी घड्याळ पाहिलं. कोल्हापूरची आगगाडी, शनिवारची बोट, दीड वर्ष वाट पाहणारा बाप, हे सगळं त्या वाफेबरोबर वर जाताना मला दिसलं. कावेरीने मला विचारलं, "भाईकाका, पोचू ना?" मी "नि:संशय" म्हणालो. हा शब्द मी आता वापरत नाही.

लोक मात्र वाट पाहत उभे राहिले नाहीत. ओढ्यापर्यंत माणसांची रांग लागली आणि डबा, कळशी, कोणाचा तांब्या, जे मिळेल त्यातून पाणी हातोहात येऊ लागलं. त्या चौदा उभ्या पुरुषांपैकी जे उरले होते ते आता खऱ्या अर्थाने उपयोगाला उभे राहिले. आणि तेवढ्यात बाबलीला मघाशी मांडीवर घेतलेले म्हातारे गृहस्थ, भिकाजीबुवा, पुढे आले. घाट चढायच्या आधी वाट राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे खड्या आवाजात साकडं, घालायचं, ही आमची रीत. भिकाजीबुवांनी नारळ हातात घेतला, डोक्याला टॉवेल गुंडाळला, आणि आवाज लावला.

"बा घाटातल्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी गाडी ओरडली.

"ह्या आमच्या मालवणचा चेडू आपली दोन पोरां घेवन साता समुद्रापलीकडे घोवाकडे चल्लला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेत जा काय आडवा येयत, ता बाजूक कर. आगगाडी तेका गावांदे. बोटीक बरो वारो दी. थंयची थंडी पोरांक सोसांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कावेरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझाही चष्मा धुरकट झाला होता. भिकाजीबुवांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आवाज आणखी चढवला.

"आणि ह्या आमच्या भाईंनी, शिकलेल्या माणसाच्या बुद्धीन जो कायदो केल्यानी, तेतूर काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

त्या दिवशीचा सगळ्यांत मोठा होकार तो. ओढ्यावर पाणी भरणारेसुद्धा तिकडून ओरडले. कावेरीसुद्धा ओरडली.

हौसाबाईला आता उतरणं भाग होतं. इथून पुढे गेली तर परतीची गाडी नव्हती. जयराम अजून झोपलेला. ती गाडीतच बसून होती. तिने मला हाक मारली. "भाईनू, हय बसा. पाय जुळवन. असे. आता धरा."

मी म्हटलं, "कावेरीला देऊ या ना."

"तिका वाईच जेवंदे. सकाळपासून पोटात काय नाय तिच्या." आणि तिने मुठीतलं बोट इतकं हळू सोडवलं, आणि त्या जागी माझं बोट इतक्या शिताफीने सारलं, की जयरामाला हेडक्लार्क आणि कोळीण यांत फरक कळला नाही. "हलू नकात," तिने बजावलं. "शिंक इली तरी गिळा."

टपावरून पाटी उतरवली. ती डोक्यावर घेऊन हौसाबाई फोंड्याच्या बाजाराकडे चालायला लागली. कावेरी धावत जाऊन तिच्या पाया पडली, तेव्हा पाटी सांभाळत ती एवढंच म्हणाली, "बरी ऱ्हव गो. पत्र घाल. भाई वाचून दाखयतीत."

मी तसाच बसलो. घाटातली वळणं, दाजीपूरचं जंगल, राधानगरी, मी हललो नाही. माझा उजवा पाय राधानगरीनंतर माझा राहिला नाही. जयरामाने मध्येच माझ्या धोतरावर आपली संमती नोंदवली, तरी मी हललो नाही. मला उकडतंय असं पाहून बाबलीने समोरचा पुठ्ठा खिळ्यावरून ओढून काढला आणि ती त्याने आम्हा दोघांना वारा घालू लागली. पुठ्ठा मजबूत होता. वारा चांगला लागत होता. त्या नियमांनी कोणाला काही फायदा झाल्याचा तोच पहिला पुरावा.

कोल्हापूर जवळ आलं तेव्हा आगगाडी सुटायला अगदी थोडा वेळ होता, आणि मोटारस्टँडवर उतरून टांग्याने स्टेशन गाठणं शक्य नव्हतं. लवूने मान मागे न वळवता विचारलं, "स्टँड का स्टेशन?" गाडीत बारा उतारू होते, आणि त्यांतल्या एकालाही स्टेशनवर काम नव्हतं. बाराही जण एका सुरात म्हणाले, "स्टेशन!" तिथे पोचताच ट्रंका, मसाला, बाबली, फणसपोळ्या, सगळं हातोहात फलाटावर गेलं. जयराम शेवटी माझ्या मांडीवरून उचलला गेला तेव्हा जागा झाला, आणि रडला नाही. हसला. मला उठता येत नव्हतं, म्हणून धोंडूने मलाही सामानाबरोबर उचलला. शनिवारी बोटीवर चढताना डॉक्टरने जयरामाच्या कपाळाला हात लावला आणि 'ठीक' म्हणून पुढे पाठवला.

परत आल्यावर कंट्रोलरांनी प्रयोगाचा अहवाल मागितला. मी सात ओळींचा मसुदा केला, मग सहा ओळी खोडल्या. पाठवला तो असा : 'अकरांपैकी एकाही नियमाचे यथायोग्य पालन झाले नाही. तक्रार नाही.' वरून त्यावर शेरा आला, 'बोध होत नाही.' मला झाला होता, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

तीन महिन्यांनी कावेरीचं पत्र आलं. ते खिशात घालून मी बाजारात गेलो. हौसाबाई आपल्या जागेवर होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो. माझ्या हुद्द्याचा माणूस मासळीबाजारात पाटावर बसलेला पाहून परशुरामपंत लांबून थबकले, त्यांना थबकू दिलं. आणि मोठ्याने वाचलं.

'भाईकाका, इथल्या बसमध्ये मी चढले की पुरुष खरोखर उभे राहतात. टोपीला हात लावतात. तुमचं पहिलं कलम जसंच्या तसं. कोणी धक्का मारत नाही, कोणी औषध सांगत नाही. पण जयराम आता जड झालाय, आणि इतक्या दिवसांत एकानेही हात पुढे करून 'दी तो हकडे' म्हटलं नाही. सगळे खिडकीबाहेर बघतात. पहिल्या दिवशी मला तुमच्या गाडीची इतकी आठवण झाली की रडू आलं.

'परवा गंमत झाली. बाबली माझं बोट सोडून सरळ पुढे गेली आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका म्हाताऱ्या साहेबाच्या मांडीवर चढून बसली. तिला वाटतं, बसमधल्या मांड्या त्यासाठीच असतात. सगळी बस गप्प. मी तर मेल्यासारखी झाले. साहेबाने तिच्याकडे पाहिलं, वर्तमानपत्राची घडी केली, खिशात घातली आणि हात कुठे ठेवावा ते न कळून शेवटी तिच्या पाठीवर ठेवला. ती झोपली. आमचं ठिकाण आलं तेव्हा त्याने तिला जपून माझ्याकडे दिली आणि आमच्याबरोबरच खाली उतरला. मग रस्ता ओलांडून उलट्या बाजूच्या बसच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याचं ठिकाण केव्हाच मागे गेलं होतं.'

मी पत्र मिटलं. हौसाबाई हातातला कोयता तसाच धरून बसली होती. मग म्हणाली,

"म्हणजे तेचोय बाजार चुकलो."

"हो," मी म्हटलं. "चुकला."

तिने मान हलवली, अगदी ओळखीचं माणूस निघाल्यासारखी. चार बांगडे निवडून केळीच्या पानात गुंडाळले आणि माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "लिवा तेका. म्हणा, मालवणाक इलो तर माज्याकडसून बांगडे घेवन जा."

त्या साहेबाचं नाव नाही, पत्ता नाही. तरी त्या रात्री जेवण झाल्यावर मी कागद पुढे घेतला आणि हौसाबाईच्या निरोपाचा इंग्रजीत मसुदा करायला बसलो. माईने विचारलं, किती कलमं? मी म्हटलं, एकच.